आधी सही पडताळा

सोलापुरात बँकेच्या काउंटरवर मी ३१ वर्षं सह्या पडताळल्या. चेकवरची सही नमुना सहीशी जुळली नाही, तर समोर कुणीही असो, चेक परत. दोन जामीनदार नसतील तर कर्जाची फाइल टेबलावरून हलत नसे. तीच मी निवृत्तीनंतर सहा महिन्यांत एका मंगल कार्यालयात अनोळखी माणसापुढे डोळे मिटून बसले, आणि त्याला कुणी शिकवलं, एवढंसुद्धा विचारलं नाही.

आई नुकतीच गेली होती. दुपार सरता सरत नसे. शेजारणीनं ध्यानाच्या वर्गाचं सांगितलं आणि मी गेले. पहिले तीन दिवस खरंच शांत वाटलं, ते मी नाकारणार नाही. मग दुसरा टप्पा आला, त्याचे पैसे वेगळे. तिसऱ्या टप्प्याला दीक्षा. दीक्षेनंतर कळलं की आता दुसरं पुस्तक वाचायचं नाही, दुसऱ्या कुणाचं प्रवचन ऐकायचं नाही. दोन महिन्यांनी माझी झोप उडाली. पहाटे दोनला जाग यायची, छाती धडधडायची. तिथल्या सहायिका म्हणाल्या, ‘‘शुद्धी चाललीय ताई, जुने संस्कार बाहेर पडताहेत. गोळ्या थांबवा, त्या आड येतात.’’ मी अकरा दिवस रक्तदाबाची गोळी घेतली नाही. बाराव्या दिवशी भाचीनं मला दवाखान्यात नेलं.

आता तीच भाची पुण्याहून फोन करते, ‘‘मावशी, मला उपनिषदं शिकायचीत, ध्यानही शिकायचंय. कुणाकडे जाऊ?’’ शिकू नकोस असं मी तिला म्हणणार नाही. माझ्या हातून राहिलं ते तिच्या हातून राहू नये, एवढंच मला वाटतं.

मुंडक उपनिषदात गुरूसाठी दोन शब्द आहेत. तो श्रोत्रिय असावा आणि ब्रह्मनिष्ठ असावा. श्रोत्रिय म्हणजे ज्यानं शास्त्र रीतसर गुरूकडून घेतलंय तो. ब्रह्मनिष्ठ म्हणजे ज्याची निष्ठा ब्रह्मात स्थिरावली आहे तो. पहिली गोष्ट तपासता येते. कुणाकडे शिकलात, कुठला ग्रंथ, किती वर्षं, हे विचारता येतं आणि ताडूनही पाहता येतं. दुसरी गोष्ट माझ्यासारखीला बाहेरून कळण्याचा मार्गच नाही. आणि सगळा बाजार चालतो तो नेमका या दुसऱ्या शब्दावर. चेहऱ्यावरचं तेज, स्पर्शानं येणारा अनुभव, त्यांच्या नुसत्या असण्यानं भरून येणारे डोळे. माझेही भरून आले होते. आई गेलेल्या बाईचे डोळे कशानंही भरतात. म्हणून माझं म्हणणं असं आहे की, नवख्या माणसानं पहिला शब्द धरावा आणि त्यावर समाधान झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये.

कुणी म्हणेल, मग निरक्षर, अल्पशिक्षित संतांचं काय? निसर्गदत्त महाराज तर खेतवाडीत विडीचं दुकान चालवत होते. खरंच आहे. पण त्यांच्याकडेही पडताळण्यासारखं होतंच. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज, आमच्याच सोलापूरकडच्या पाथरीचे. परंपरा इंचगिरीची. हे सगळं उघड होतं. घराच्या माळ्यावरच्या खोलीत लोक येत आणि प्रश्न विचारत. देशोदेशीचे लोक आले, वादही घातले. प्रश्नोत्तरं हीच त्यांची शिकवण्याची रीत होती.

विनोबांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९१७ साली ते गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन वाईला गेले, नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे. हेच शास्त्रीजी पुढे केवलानंद सरस्वती झाले. गांधीजींसारखा माणूस जवळ असताना विनोबांना शास्त्र्याकडे जावंसं वाटलं, कारण त्यांना उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रावरचं शांकरभाष्य शिकायचं होतं, आणि ते शिकवणारा माणूस वाईत होता. तिथून गांधीजींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी काय काय वाचून झालं याचा हिशेबच दिला. ज्याच्याकडे शिकायचं तो काय शिकवतो आणि आपण कुठवर आलो, हे असं सांगता आलं पाहिजे. मला त्या मंगल कार्यालयात सहा महिन्यांनंतरही ते सांगता आलं नसतं.

आता मी दर गुरुवारी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांकडे जाते. आम्ही सहाजण आहोत. कठोपनिषद शांकरभाष्यासह चाललंय, दीड वर्षात दुसऱ्या वल्लीत पोचलोय. महिन्याचे दोनशे रुपये गुरुजी घेतात आणि वहीत लिहून ठेवतात. पैसे घेण्यात मला काही गैर वाटत नाही. ज्याची पुढची रक्कम आधी कळत नाही, तिथं मात्र उठावं. कठात ‘सृंका’ असा एक शब्द येतो. यम नचिकेताला देऊ करतो ती सृंका. तिचा अर्थ विचारला तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘‘आचार्यांनी दोन अर्थ दिलेत, रत्नांची माळ आणि कर्माची वाट. पुढच्या वल्लीत तोच शब्द परत येतो. तिथं नक्की कुठला घ्यायचा, मला लागलेलं नाही. बघून सांगतो.’’ तीन आठवड्यांनी सांगितलं. ते तीन आठवडे मला कुठल्याही अनुभवापेक्षा जास्त धीर देऊन गेले. ध्यानाबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘‘मी स्वतः बसतो. पण दुसऱ्याला बसवणं वेगळं, ते मला येत नाही.’’

ध्यानाची अडचण ही आहेच. तिथं ग्रंथ उघडून ताळा करता येत नाही. म्हणून मी भाचीला सांगितलं, साधकांना विचारू नकोस, त्यांच्या घरच्यांना विचार. एका ठिकाणी बारा वर्षं जाणाऱ्या गृहस्थांच्या पत्नीला मी स्वतः भेटले. त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही संसारी ना, आमच्याशी ते आता बोलत नाहीत.’’ दुसऱ्या एका घरात सून म्हणाली, ‘‘सासरे हल्ली ऐकून घेतात.’’ माझ्यासाठी दोन्ही वर्गांची परीक्षा तिथंच झाली. पतंजलींनी आसन आणि ध्यान यांच्याआधी यम सांगितले. त्यात सत्य आहे, अस्तेय आहे, अपरिग्रह आहे. तेव्हा शिकवणाऱ्याचा हिशेब, त्याच्या ड्रायव्हरशी आणि शिष्यांमधल्या बायकांशी त्याचं वागणं, हे बघणं म्हणजे निंदा नव्हे. आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नये, मग तो कितीही विद्वान असो.

सोडणं सर्वांत अवघड असतं. मी जाणं थांबवलं तेव्हा फोनवर मला गुरुद्रोहाचं भय घातलं गेलं. कित्येक रात्री ते मनातून गेलं नाही. अशा वेळी दासबोधाचा पाचवा दशक वाचावा. करामती दाखवणाऱ्यांना समर्थ सद्गुरूंतून बाजूला काढतात. जो शिष्याकडून साधन करवून घेत नाही, इंद्रियांना आवर घालायला लावत नाही, तो कितीही स्वस्तात मिळाला तरी टाकावा, असं ते सांगतात. एकनाथी भागवतातला अवधूत तर पृथ्वीपासून अजगरापर्यंत चोवीस गुरू करतो. एकाकडून घ्यायचं ते घेऊन पुढे जाणं हा द्रोह असता, तर नाथांनी ते इतक्या प्रेमानं विस्तारून सांगितलं नसतं.

जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, तो हवाच होता. पण तो माणूस फसल्यानंतर धावून येतो.

भाचीला मी बँकेतली जुनी कोरी वही दिली आहे. ज्याच्याकडे जाईल त्याला ती पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारते, ‘‘तुम्ही कुणाकडे शिकलात?’’ आणि उत्तर नावासमोर लिहिते. आतापर्यंत तीन नावं झालीत. दोघांच्या समोरची जागा अजून कोरी आहे.