खरवसाचा मान आणि आईचा चीक

गाय व्याली म्हणजे तिच्या चिकासाठीं आपल्या पेठेंतील सधन गृहस्थही गवळ्याकडे आगाऊ निरोप धाडतात. गूळ-वेलदोडा घालून खरवस होतो आणि शेजारीपाजारीं कौतुकानें वांटला जातो. पण त्याच घरची सून बाळंत झाली म्हणजे तिच्या अंगावरचें पहिलें पिवळट, दाट दूध बाळास सोसणार नाहीं म्हणून पिळून टाकण्याची, व त्याऐवजीं मधाचें बोट चाटविण्याची चाल कित्येक कुटुंबांतून अद्याप गेलेली नाहीं. वासराच्या वाट्याचें आपण मिटक्या मारीत खावें आणि आपल्या नातवाच्या वाट्याचें मोरींत ओतावें, हा कोठला न्याय, असें आम्ही विचारतों.

हा चीक चमचा-दोन चमचेच असतो. पण नवजात बाळाचें पोटही तसेंच लहान, आणि रोगांस अटकाव करणारीं द्रव्यें त्यांत भरपूर असतात. मध मात्र वर्षाच्या आंतील मुलास अपायकारक होऊं शकतो. जन्मल्यापासून एका तासाच्या आंत बाळास पाजावें, सहा महिने आईच्या दुधावांचून पाणीसुद्धां देऊं नये, आणि पुढें वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षें व त्याहूनही अधिक काळ पाजीत राहावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. त्यानें हगवण व न्युमोनिया यांपासून बाळाची राखण होते. आईचा बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यांत राहण्यास मदत होते, व पुढें स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही उणावतो.

कोणी म्हणेल, हा उपदेश खेड्यांतील अडाण्यांस करा. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शेंकडा ८८.६ बाळंतपणें दवाखान्यांत झालेलीं आढळलीं, आणि पहिल्या तासांत आईचें दूध मिळालेलीं मुलें शेंकडा ४१.८ च भरलीं! दवाखान्याची पायरी चढली म्हणजे सर्व साधलें, हा भ्रम या आंकड्यांनीं तरी दूर व्हावा.

दुसरी सबब 'दूध पुरत नाहीं' ही. विहिरीचा उपसा थांबला म्हणजे झरे बुजतात, तशांतलाच हा प्रकार आहे. बाळ जितकें ओढतें तितकें दूध येतें. एकदां बाटली तोंडीं दिली कीं ओढणें कमी, म्हणून दूध कमी, म्हणून आणखी एक डबा! ज्या मातेस खरोखरच अडचण आहे तिला बोल लावणें हा आमचा हेतु नाहीं. दुबळ्या बाळांकरितां मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं मातृदुग्धपेढी निघाली, ती आशियांतील पहिली होय.

आतां व्यापारी बंधूंस दोन शब्द. बाळदुधाचे डबे व बाटल्या यांची जाहिरात करणें, मातांस नमुने वा भेटी वांटणें, यांस १९९२ च्या कायद्यानें बंदी केली आहे. तेव्हां डबा पुढें करण्यापूर्वीं 'डॉक्टरांनीं सांगितला आहे काय?' एवढें विचारल्यानें कोणाचें दुकान बुडणार नाहीं. दुसरें, नोकरीवरील स्त्रियांविषयीं. मूल १५ महिन्यांचें होईपर्यंत कामाच्या वेळांत दोनदां पाजण्याची सवड द्यावी, असा दंडक १९६१ सालच्या कायद्यानें घातला. २०१७ सालीं पहिल्या दोन मुलांसाठीं रजा २६ आठवड्यांची झाली. दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानास असे दंडक बहुधा लागत नाहींत. तेथें धन्याची माणुसकी हाच कायदा. आडोशाची एक जागा व थोडी सवड, यांत गल्ल्याचें कितीसें नुकसान होणार?

सासूबाईंनीं चीक टाकूं देऊं नये, नवऱ्यानें बाळंतिणीस विश्रांति व पोटभर अन्न मिळतें कीं नाहीं हें पाहावें, धन्यानें वेळ द्यावा. पाजणें हें आईचें काम खरें. पण तिला पाजूं देणें हें सबंध घराचें आणि पेठेचें काम आहे.