संगणकासोबत आलेले बिनबोलावलेले पाहुणे

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, कोठेही जा, कापडाच्या गद्दीवर लाल खातेवहीच्या जागी आता संगणक बसला आहे. ई-वे बिल त्यावरच निघते. ज्यांची उलाढाल पाच कोटींवर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसही करावे लागते. एवढा कारभार ज्या पेटीवर चालतो तिच्यात दुकानदाराने काय काय भरून दिले आहे, हे मात्र आमच्या व्यापारी बंधूंपैकी फार थोडे पाहतात. सूत घेताना आम्ही काउंट तपासतो, ग्रे कापडाचा तागा उलगडून डाग पाहतो. संगणक मात्र डोळे मिटून घेतो.

नव्या कंपनीच्या संगणकात पत्त्यांचा खेळ असतो, सिनेमा कापण्या-जोडण्याचे साधन असते, आणि महिना-दोन महिन्यांच्या नमुन्याचे अँटिव्हायरस असते. पत्त्यांचा खेळ मुनीमजींचा वेळ खातो एवढेच. अँटिव्हायरसचे तसे नाही. मुदत संपली की ते रोज पैसे मागते आणि बिचारा व्यापारी घाबरून भरतो. वास्तविक विंडोजमध्ये तिचा स्वतःचा पहारेकरी फुकट असतो. बाहेरचे अँटिव्हायरस असेपर्यंत तो बाजूला बसतो, ते काढले की सहसा आपोआप कामाला लागतो. लागला की नाही, एवढे तपासून घ्यावे.

वनड्राइव्हचे प्रकरण याहून नाजूक आहे. विंडोज ११ मध्ये सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले की पुष्कळदा डेस्कटॉपवरच्या फाइली न विचारता कंपनीच्या गोदामात जाऊ लागतात. फुकट जागा फक्त ५ जीबी. ती भरली की पुढच्या फाइली जात नाहीत, आणि आम्ही मात्र समजतो की नक्कल सुरक्षित आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. ज्याची नक्कल डेस्कटॉपच्या भरवशावर आहे, त्याने आजच पाहावे.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपन्या वाईट काही कशाला देतील? त्यांनी लेनोव्होची हकिगत ऐकावी. २०१४ च्या अखेरीस या कंपनीने अनेक लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्राम भरून विकला. त्याने बँकेच्या सुरक्षित पानांच्या कुलपातही आपली किल्ली घुसवली होती, आणि ती किल्ली सर्व यंत्रांत एकच होती. म्हणजे एका चोराच्या हाती लागली की सगळ्यांची कुलपे उघडी. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाला, २०१७ मध्ये अमेरिकेतील सरकारी आयोगाशी व ३२ राज्यांशी तडजोड करून ३५ लाख डॉलर द्यावे लागले.

परंतु आमच्या बाजारातले खरे दुखणे निराळेच आहे. जोडून घेतलेल्या संगणकात दुकानदार ‘सगळे टाकून देतो, शेठ’ म्हणतो. त्या ‘सगळ्यात’ चोरीची विंडोज, चोरीचे ऑफिस, कधी कधी चोरीची टॅलीसुद्धा असते. ते क्रॅक चालावे म्हणून पहारेकरी आधीच झोपवलेला असतो. शिवाय दुरून यंत्र उघडण्याचे साधन व त्याचा कायमचा पासवर्ड, जो दुकानदाराच्या पोऱ्यालाही ठाऊक. आमच्या गिऱ्हाइकांची उधारी, बँकेचे कागद, कारागिरांच्या मजुरीचा हिशेब, हे सर्व लोकांची अमानत आहे. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. ती लिहिलेली वही चोरीच्या कपाटात ठेवावी काय? जिद्द्याच्या फिकह अकादमीने १९८८ च्या कुवेत बैठकीत अशा निर्मितीचे हक्क शरीअतमध्ये संरक्षित असल्याचे ठरवले आहे. स्वस्तात मिळते म्हणून जो चोरीचे सूत घेणार नाही, त्याने चोरीचे सॉफ्टवेअरही घेऊ नये, असे आम्हांस वाटते. पैसे नसतील तर लिनक्स व लिबर ऑफिस फुकट आणि हलाल आहे. हां, टॅली त्यावर सरळ चालत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

मग करावे काय? सेटिंगमधील अॅप्सच्या यादीत जाऊन बिनकामाचे काढावे, हे अर्ध्या तासाचे काम. प्रिंटरचे ड्रायव्हर किंवा ओळखीची नसलेली नावे मात्र जोशात काढू नयेत. बिलांचा छापखानाच बंद पडेल. एका खात्यातून काढलेले प्रोग्राम नवे खाते उघडले की पुन्हा हजर होतात, सबब प्रत्येक खात्यात पाहावे. मुनीमजींना व पोरांना साधे खाते द्यावे. व्यवस्थापकाचा पासवर्ड मालकाकडे राहावा, दुकानदाराकडे कदापि नाही. दुरून उघडण्याचे साधन काम झाले की काढून टाकावे.

विंडोज १० ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे पुष्कळ गद्द्यांवर यंत्रे बदलत आहेत. नवे घेताना पावतीवर विंडोजचा व ऑफिसचा परवाना वेगळा लिहून घ्या. लिहून द्यायला जो दुकानदार कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका, भले शेजारच्या गल्लीत दोन हजार जास्त पडोत.