चाबूक : कातडे बदलले, मापही बदलावे

चाबूक घेणारे गिऱ्हाईक आधी लांबी विचारते, मग भाव. कातडे कोणते, हे फारसे कोणी विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही. नेरळ-कळंबच्या पट्ट्यात आणि वर माथेरानला घोड्यावर, बैलावर पोट असलेली घरे आजही आहेत. त्यांत आपले बांधवही आहेत. त्यांना लागणारी ही वस्तू बनवणाऱ्या कारागिरांना आम्ही स्पष्टच सांगू इच्छितो की तुमचा खरा शत्रू स्वस्त नायलॉन नाही, मालाकडे झालेले दुर्लक्ष आहे.

चांगला चाबूक म्हणजे जोरात लागणारा चाबूक नव्हे. तो मुठीकडे जड आणि शेवटाकडे हलका असावा लागतो. हाताचा झटका पुढे सरकतो तशी जाडी कमी होत जाते आणि वेग वाढतो. नीट बनवलेल्या लांब चाबकाचे टोक आवाजाच्या वेगापुढे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या पुढे जाते. हवेत फटकन जो आवाज होतो तो याचाच. त्यासाठी जनावराच्या अंगाला स्पर्शही व्हावा लागत नाही. शिकवलेले जनावर आवाजावरच चालते. तेव्हा कारागिराची सारी कसोटी निमुळतेपणात, आणि निमुळतेपणा साधणार तो कातड्याच्या जातीवर.

जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट असते, पोटाचे सैल. पोटाकडची वादी वेणीत घातली की ती पुढे ताणते, वेणी ढिली पडते आणि चाबूक हातात वळवळू लागतो. म्हणून वादी कापल्यावर आधी ओढून तिचा ताण काढावा, मग पुन्हा एका रुंदीची छाटावी आणि नंतरच विणावी. घाईत ही पायरी गाळली जाते. ऑस्ट्रेलियातले कारागीर कांगारूचे कातडे पसंत करतात ते शोभेसाठी नव्हे. ते पातळ असूनही चिवट असते, त्यामुळे बारीक वाद्यांची अनेक पेडी वेणी घालता येते.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीवर नाही. साहजिकच म्हशीच्या कातड्यावर भिस्त वाढली. हे कातडे जाड आणि वजनदार, पण त्याचा धागा सैल. तासून पातळ केले की त्याची ताकद पटकन उतरते. बैलाच्या कातड्यासाठी बापजाद्यांनी ठरवलेल्या रुंदीने म्हशीची वादी कापली तर चाबूक शेवटाकडे तुटणारच. आमच्या मते म्हशीचे कातडे आतल्या गाभ्याला ठेवावे आणि वरची वेणी बकऱ्याच्या कातड्याची घालावी. बकऱ्याचे कातडे लहान, त्यामुळे वाद्या आखूड मिळतात आणि जोड द्यावे लागतात. मजुरी वाढते, हे खरे. पण वस्तू टिकते.

नायलॉनला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. माथेरानच्या पावसात कातडे फुगते, वाळले की ताठरते, त्यावर बुरशी धरते. नायलॉन पाणी पीत नाही. पण ते हलके असते. आत वजन घातल्याशिवाय त्याचा झटका पुढे जात नाही, मग माणूस हाताचा जोर लावतो आणि फटका अंगावर बसतो. त्यातच जाळून बंद केलेले टोक खड्यासारखे टणक होते. तेच कातडी फाडते. शेवटचा झिजणारा दोरा नायलॉनचा असावा, बाकी अंग कातड्याचे, असा आमचा कौल आहे.

कायद्याकडे पाठ फिरवून तर चालणारच नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीचे १९६५ चे केंद्रीय नियम टोकदार, जखम करणाऱ्या साधनांना मनाई करतात. घोड्यांच्या शर्यतीसाठी हवेची गादी असलेला, धक्का शोषणारा चाबूकच चालतो. त्यावर उंच शिवण किंवा पट्टी नको, असे नियमात आहे. म्हणजे जे काम आपल्या कारागिराला येते, शिवण आत दाबून गुळगुळीत वेणी घालणे, तेच आज कायदाही मागतो! बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी हिरवा कंदील दाखवला, पण बैलाला चाबकाने मारण्याची मुभा त्यात नाही. शर्यतीच्या भरवशावर कोणी माल भरून ठेवू नये.

गिऱ्हाईक कमी झाले आहे, हे आम्ही नाकारत नाही. २०१५ साली उच्च न्यायालयाने मुंबईच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, माथेरानला ई-रिक्षा आल्या. पण ज्याला वादी कापता येते त्याला लगाम, खोगिराचे पट्टे, गळपट्टेही करता येतात. कानपूरच्या खोगीर कामाला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथला माल परदेशी जातो. आपल्याकडच्या कारागिराने निदान एवढे करावे की प्रत्येक चाबकासोबत कातडे कोणते ते सांगावे, पावसाळ्याआधी तेल कसे द्यायचे ते दाखवावे आणि झिजलेला दोरा बदलून देण्याचे पैसे वेगळे, उघडपणे घ्यावेत.