न पाहिलेली आकाशगंगा

गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी कविता शिकवतो. 'आकाशगंगा' हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची मोजदाद नाही. पण खरे सांगायचे, तर ती मी पाहिलीच नव्हती!

गेल्या दिवाळीत ताडोबा पाहायला म्हणून मोहर्लीला उतरलो. अमावास्येची रात्र. जेवणे होतात न होतात तोच वीज गेली. मी बॅटरी शोधू लागलो, तशी घरमालक म्हणाले, "राहू द्या जी, सर. पण अंगणाबाहेर नका जाऊ. वाघाचा इलाका आहे."

अंगणातच थांबलो आणि वर पाहिले. डोक्यावरून पश्चिमेकडे उतरणारा फिकट पट्टा मला ढगच वाटला. धाकटा ओरडला, "बाबा, आकाशगंगा!" आमची ही हळूच म्हणाली, "वीस वर्षे शिकवताय ना?"

दुर्बिणी डोंगरावर का जाऊन बसतात, ते तेव्हा कळले. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात वीस इंची आरशाची दुर्बीण आणली. त्या काळी ती देशात सर्वांत मोठी. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण गेली कोडाईकनालच्या डोंगरावर. पुढे पुण्याच्या 'आयुका'ने दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभारली, तीही शहरात नव्हे. ऐंशीएक किलोमीटरवर, गिरवलीच्या डोंगरावर, २००६ साली. हजारो वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश टिपायचा, तर त्याला आपल्या ट्यूबलाइटशी झुंजायला लावून कसे चालेल? आरसा हवा तेवढा मोठा करता येतो. अंधार मात्र विकत मिळत नाही.

मोहर्लीला तो फुकट आहे, निदान अजून तरी. गावची वीज गेली होती, तरी दक्षिणेला चंद्रपूरच्या बाजूचे क्षितिज पिवळसर दिसत होते. विदर्भातल्याच पेंचला २०२४ साली देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' झाले. त्यासाठी आसपासच्या खेड्यांतल्या दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवली. उपाय एवढा साधा!

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोठा फोकस आहे. तीन वर्षांपूर्वी अर्ज करून मीच तो लावून घेतला. आता तो काढण्याचा अर्ज लिहायला बसलो आहे. तेव्हा 'चोरांचे भय' एवढे कारण पुरले होते. या खेपेस 'आकाशगंगा' लिहिले, तर सेक्रेटरी काय म्हणतील?