भूत दिसलं नाही, तरी भीती वाटली

वाईकरांना सिनेमाचं अप्रूप तसं कमीच. ‘मृत्युदंड’, ‘गंगाजल’, ‘स्वदेस’, ‘दबंग’ अशा चित्रपटांचं चित्रीकरण वाई-मेणवलीच्या परिसरात झालं. कुणाच्या वाड्यात कॅमेरा लागला, कुणी गर्दीत उभं राहून दिवसाचे पैसे घेतले. पण संध्याकाळी गणपतीच्या घाटावर बसणाऱ्या मंडळींत वाद रंगतो तो या मोठ्या चित्रपटांवरून नव्हे. तो रंगतो कुणीतरी रात्री मोबाइलवर पाहिलेल्या, फारशी जाहिरात न झालेल्या, थोड्या पैशांत उरकलेल्या एखाद्या भयपटावरून. ‘काहीच दाखवलं नाही हो त्यात, नुसता अंधार,’ असं एकाचं मत. ‘म्हणूनच तर मला झोप लागली नाही,’ असं दुसऱ्याचं. दोघांनी पाहिलेला चित्रपट एकच असतो.

आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून हा वाद सोडून देता येईल. पण त्यात शरीरशास्त्र आहे, आणि सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांत सार्वजनिक आरोग्यही आहे.

आधी शरीराचं पाहू. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतली अमिग्डाला नावाची बदामाएवढी गाठ विचार करणाऱ्या मेंदूची वाट न पाहता कामाला लागते. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन सुटतं. नाडी वाढते, तळवे ओले होतात, अंगावर काटा येतो, पोटात गोळा येतो. ‘अरे, हा तर सिनेमा आहे’ हा निरोप थोडा मागाहून पोहोचतो. मधल्या क्षणी आपण खुर्चीवर दचकलेले असतो. निरोप पोहोचला की जी सुटका वाटते, तिच्यासाठीच माणसं पैसे देऊन घाबरायला जातात.

कमी पैशांत केलेला चित्रपट इथे अनेकदा बाजी मारतो. निर्मात्याकडे राक्षस उभा करायला पैसे नसतात, म्हणून तो दार अर्धवट उघडं ठेवतो, पाण्याचा आवाज ऐकवतो, कॅमेरा कोपऱ्यात स्थिर ठेवतो. उरलेलं काम प्रेक्षकाचा मेंदू करतो, आणि मेंदूइतका स्वस्त व जालीम कारागीर दुसरा नाही. पूर्ण दिसलेल्या भुताची भीती लवकर ओसरते, कारण धोका केवढा आहे हे कळलेलं असतं. धोका आहे पण कुठे आहे ते ठाऊक नाही, ही स्थिती शरीराला जास्त वेळ ताणून धरते.

मग घाटावरच्या त्या दोघांची मतं वेगळी का? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. पैसे देऊन घाबरायला जायच्या एका भूतघरात त्यांनी ११० जणांच्या अंगावर नाडी मोजणारी यंत्रं बसवून त्यांना आत सोडलं. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही आणि फार जास्त घाबरलेल्यांनाही नाही. मजा होती मधल्या पट्ट्यात. हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो. त्यामुळे ‘चित्रपट भिकार आहे’ या मताचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की तो त्या माणसाच्या पट्ट्यात बसला नाही.

आपल्याकडे ‘रक्त गोठलं’ असं म्हणतात. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या डॉक्टरांनी हे खरंच तपासून पाहिलं. २४ निरोगी तरुणांना एकदा ‘इन्सिडियस’ हा भयपट दाखवला, आणि वेगळ्या दिवशी शॅम्पेन बनवण्यावरचा माहितीपट. (‘इन्सिडियस’ही हॉलीवूडच्या हिशेबाने किरकोळ खर्चात झालेला.) भयपटानंतर निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तातला गोठण्याला मदत करणारा आठवा घटक वाढला. हिमोफिलियाच्या नेहमीच्या प्रकारात ज्याची उणीव असते तोच हा घटक. प्रत्यक्षात गुठळी मात्र कुणाच्याही रक्तात झाली नाही. २०१५ च्या नाताळात ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा निबंध छापला. या नियतकालिकाच्या नाताळ अंकात थोडी गंमत चालते. तरी निष्कर्ष गमतीचा नाही. जखम होईल या अपेक्षेने शरीर आधीच रक्त थांबवायची तयारी करतं. आपल्या म्हणी रचणाऱ्यांनी प्रयोगशाळेशिवाय बरंच हेरलं होतं म्हणायचं.

वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. हिंदी भयपटाचा एक धागा इथे सापडतो. रामसे कुटुंबाने १९७२ साली आलेला ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरात चित्रित केला. एका भावाकडे कॅमेरा, एकाकडे ध्वनी, एकाकडे संकलन, आणि घरच्या बायकांनी सगळ्यांचा स्वयंपाक सांभाळला असं सांगतात. समीक्षकांनी या चित्रपटांकडे कधी सरळ पाहिलं नाही. तालुक्याच्या गावांतल्या प्रेक्षकांनी मात्र ते उचलून धरले, आणि १९८४ चा ‘पुराना मंदिर’ त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या चित्रपटांत गेला.

त्या चित्रपटांचा दोष तंत्राचा कमी आणि समजुतीचा जास्त होता. झटके येणारी बाई, एकटक बघणारी बाई, स्वतःशी बोलणारी बाई म्हणजे झपाटलेली बाई, हे समीकरण त्यांनी पक्कं केलं. सरकारी दवाखान्यात येणारी अपस्माराची किंवा तीव्र मनोविकाराची तरुण मुलगी आजही अनेकदा आधी देवऋष्याकडून होऊन आलेली असते. अंगावर चटक्याच्या खुणा असतात, आणि मधले महिने गेलेले असतात. बाळंतपणानंतर दर हजारी एक-दोन बायकांना तीव्र मनोविकार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, संशय येतो, भास होतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे आणि उपचारांनी ती चांगली बरी होते. घरात मात्र ‘बाहेरचं काहीतरी लागलं’ असा निवाडा होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य घालवलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे.

आता या लेखातल्या मुख्य चित्रपटाकडे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्या भूमिका, मोजकी पात्रं, एक घर, आणि त्या घराभोवती चहूबाजूंनी ऊस. गरोदर नायिका नवऱ्याबरोबर तिथे येऊन राहते आणि तिला तिथे मुलं दिसू लागतात. चित्रपटाला पुरस्कार मिळाले, पण चित्रपटगृहांत त्याचा गाजावाजा झाला नाही. बहुतेकांनी तो नंतर घरी पाहिला आणि एकमेकांना सांगितला. (‘तुंबाड’चंही असंच झालं. २०१८ मध्ये पहिल्या वेळी त्याला जेवढी गर्दी झाली नाही तेवढी सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागल्यावर झाली.)

‘लपाछपी’बद्दल ऐकू येणारी मतं तीन तऱ्हांची. काहींना त्यातला ऊस आवडला, आणि ते बरोबरच आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला उसाच्या फडाची भीती शिकवावी लागत नाही. आत गेलं की दिशा हरपते, पाल्याची सळसळ थांबत नाही, आणि कऱ्हाडकडे फडात बिबट्याची पिल्लं सापडल्याच्या बातम्या तोडणीच्या हंगामात येतच असतात. दुसरं मत असं की भुतं चांगली होती, पण स्त्रीभ्रूणहत्येचा संदेश मागाहून चिकटवलेला वाटतो. तिसरं मत बहुधा बायकांचं: भुतांपेक्षा जास्त भीती वाटली ती ‘तुला भास होतोय’ असं तिला सगळे सांगतात तेव्हा.

या तिसऱ्या मताला सर्वाधिक गुण द्यायला हवेत. गरोदर बाईची तक्रार ‘असं होतंच’ म्हणून झटकली जाणं हे रोजचं आहे. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पोटात वरच्या बाजूला दुखतंय, ही वाढलेल्या रक्तदाबाची धोक्याची लक्षणं असू शकतात. घरच्यांनी आणि कधी कधी दवाखान्यानेही ती नाटकं मानली, की पुढे जे होतं ते कुठल्याही चित्रपटापेक्षा भयंकर असतं.

दुसऱ्या मताशी निम्मं सहमत होता येतं. शेवटाकडे चित्रपट समजावून सांगू लागतो आणि तिथे भीती पातळ होते. पण संदेश चिकटवलेला आहे हे म्हणणं त्या वर्षाच्या बातम्यांपुढे टिकत नाही. प्रदर्शनाच्या चारच महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ इथे ओढ्याकाठी पुरलेल्या १९ भ्रूणांचे अवशेष सापडले होते. गर्भपात करताना एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्या तपासातून हे उघड झालं. तिथेही जवळपास ऊसच आहे. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सांगलीचा आकडा २००१ मध्येच साडेआठशेच्या आसपास होता. जमिनी चांगल्या, रस्ते चांगले, सोनोग्राफीची यंत्रं हाताशी. गरिबीमुळे हे होतं अशी समजूत या पट्ट्याने खोटी ठरवली.

मग असा भयपट पाहून कुणी बदलतं का? नुसत्या भीतीने वागणूक फारशी बदलत नाही, हे आरोग्यशिक्षणातलं जुनं निरीक्षण आहे. भीतीबरोबर हाताला येईल अशी वाटही दाखवावी लागते. नाहीतर माणूस पाहणंच बंद करतो. सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र बोटाने झाकून ती ओढणारे सगळ्यांनी पाहिले आहेत. ‘लपाछपी’त वाट दिसत नाही, कारण तो चित्रपट आहे, आरोग्यखात्याचं भित्तिपत्रक नाही. त्याचं काम त्याने केलं. मुलगी नकोशी असण्याला त्याने एक चेहरा दिला, आणि तो घरातल्याच प्रेमळ बाईचा दिला. गावोगाव दाखवून नंतर आशाताईंनी तासभर बोलावं, असा हा चित्रपट आहे.

वाईचा विषय काढून २०१६ चा ऑगस्ट टाळता येत नाही. धोम परिसरात पुरलेले मृतदेह तेव्हा उकरून काढले गेले आणि डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसावर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. त्या प्रकरणावर बेतल्याचं मानलं जाणारी ‘देवमाणूस’ ही मालिका २०२० मध्ये आली आणि घराघरांत पाहिली गेली. वाईतल्या काही प्रेक्षकांना ती रुचली नाही, आणि त्यांचं कारण विचार करण्यासारखं आहे: ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते अजून इथेच राहतात. वैद्यकीय बाजूने तक्रार वेगळी आहे. मालिकेने प्रेक्षकाला धूर्त नजर आणि गोड हसू ओळखायला शिकवलं. ओळखायची असते ती नोंदणी. दवाखान्यात डॉक्टरचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दिसायला हवा आणि तो विचारायला कुणी लाजू नये. ‘डॉक्टरसाहेबांना कसं विचारायचं?’ हा संकोच खोट्या डॉक्टरच्या पथ्यावर पडतो. खरा डॉक्टर त्याने दुखावत नाही.

भयपट पाहिल्यावर काहींना एक अनुभव येतो, त्याबद्दलही सांगायला हवं. पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. ‘मुंजा बसला’ असं जुनी माणसं म्हणायची. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल सोडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात धावतो तेव्हा अंथरुणातून उठून पळत नाही. स्नायूंचा ताबा परत येण्याआधी जाग आली तर हे होतं. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत ते संपतं आणि त्याने जीव जात नाही. अपुरी झोप, पाळीची नोकरी, उताणं झोपणं यांनी ते वाढतं. वारंवार होत असेल तर डॉक्टरला दाखवावं, देवऋष्याला नव्हे.

आठ वर्षांखालच्या मुलांना हे चित्रपट दाखवू नयेत. खरं आणि पडद्यावरचं यांतली रेघ त्यांच्या मनात अजून पक्की झालेली नसते, आणि ‘घाबरट कुठला’ म्हणून हसल्याने ती पक्की होत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि अचानक घबराटीचे झटके येणाऱ्यांनीही दूर राहिलेलं बरं. चित्रपटानंतर दोन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, एकटं राहवत नसेल, भास होत असतील, तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.