बाटलीतले टॉनिक आणि दारातला शेवगा



मोगरा, जास्वंद, गुलाब जोमाने वाढावेत म्हणून हल्ली दुकानातून ‘टॉनिक’च्या बाटल्या घरोघर येतात. आज कुंडीवर फवारलेली बाटली उद्या उसावर जाते आणि खर्च वाढतो. म्हणून विषय फुलझाडांचा असला तरी सभासदांपुढे मांडत आहोत.

वनस्पतीच्या अर्काने वाढीस मदत होते, हे काही खोटे नाही. शेवग्याच्या पानांत आणि नारळाच्या पाण्यात झिएटिन नावाचे वाढद्रव्य असते. त्याने पेशींचे विभाजन होते, पान लवकर पिवळे पडत नाही. उसाच्या ऊतिसंवर्धनातही प्रयोगशाळांनी नारळाचे पाणी वापरले आहे. मग दारात शेवगा असता बाटली कशाला? कोवळी पाने थोड्या पाण्यात वाटावीत, फडक्याने गाळावीत, एक भाग रसास सुमारे ३० भाग पाणी घालून त्याच दिवशी फवारावे.

मात्र अर्क म्हणजे खत नव्हे. उपाशी बैलाची शिंगे रंगवली म्हणून तो नांगर ओढत नाही! कुंडीत आधी शेणखत हवेच. निंबोळी अर्कही किडीसाठी आहे, वाढीसाठी नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. भद्रावतीकडे मोहाला तोटा नाही. पण मोहाच्या पेंडीत सॅपोनिन असते, त्याने मासे मरतात. आपल्या मामा तलावांच्या काठी ती वापरू नये. तलावावर ढिवर बांधवांचे पोट आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये जैव-उत्तेजकांचा समावेश केला. तेव्हा बाटलीवर घटक व प्रमाण पाहावे, पक्की पावती मागावी. दुकानदार टाळाटाळ करील तर बाटली तिथेच ठेवून यावे.

आमचे मत असे की, सारख्याच दोन कुंड्या घ्याव्यात. एकीवर अर्क, दुसरीवर नुसते पाणी फवारावे आणि महिनाभर पाहावे. घरच्या बायामाणसांना फरक चटकन कळतो. उसातही चार सऱ्या अशाच राखाव्यात. कारखान्याच्या शेती विभागानेही, उसाच्या बिलातून कपात करून कोणतेही टॉनिक वाटण्यापूर्वी, सभासदांच्या शेतात अशी चाचणी घ्यावी आणि तिचे आकडे वार्षिक सभेत ठेवावेत. पैसा सभासदांचा आहे. तो खर्चण्याआधी हिशेब मागणे हा सभासदांचा हक्कच आहे.