शिशुवर्गातली प्रार्थना आणि पेन्सिल

छत्रपती संभाजीनगरातील चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, विमानतळ आणि जालना रस्ता या पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांमध्ये सध्या पूर्वप्राथमिक प्रवेशांची चर्चा चालू आहे, आणि ख्रिस्ती संस्थांच्या शाळांचे नाव निघाले की दरवर्षीचे दोनच प्रश्न पुढे येतात : तेथे मुलाला इंग्रजी किती लवकर बोलता येईल, आणि तेथे त्याच्यावर ख्रिस्ती धर्माचे संस्कार होतील काय. पूर्वप्राथमिक म्हणजे पहिलीच्या आधीचे नर्सरी, ज्युनियर केजी आणि सीनियर केजी हे वर्ग, ज्यांत साधारण तीन ते सहा वर्षांची मुले असतात. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. परंतु मूल तेथे रोजच्या रोज नेमके काय शिकते, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, ही या आठवड्याची खंत होय.

धर्माच्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. राज्यघटनेच्या कलम 30 नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा स्थापून चालवण्याचा अधिकार आहे, तर कलम 28 च्या तिसऱ्या उपकलमानुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही अज्ञान विद्यार्थ्याला धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही थोडे कमी होते, त्यामुळे अशा शाळांमधील बहुतेक मुले अन्य धर्मीयांचीच असणार, हे उघड आहे. पुष्कळ कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा आणि इतरांसाठी मूल्यशिक्षणाचा तास वेगळा ठेवतात. शिशुवर्गात मूल सकाळी हात जोडून डोळे मिटते, डबा उघडण्यापूर्वी अन्नाबद्दल आभार मानते, हरवलेल्या मेंढराची किंवा पाच भाकरी व दोन मासे सर्वांना पुरल्याची गोष्ट ऐकते, आणि नाताळात गव्हाणीभोवती मेंढपाळ होऊन उभे राहते. सायंकाळी घरी देवापुढे दिवा लागल्यावर तेच मूल पुन्हा हात जोडते, आणि दोन्ही ठिकाणी आपल्याहून मोठ्या कोणासमोर क्षणभर शांत राहायचे असते, एवढेच त्या वयात त्याला कळते. काय शिकवले जाते ते शाळेने पालकांना स्पष्ट सांगावे, हे मात्र आवश्यक आहे.

खरी काळजी करावी ती प्रार्थनेची नसून पेन्सिलीची आहे. लहान मुलांना लिहायला लावण्याची घाई करू नये, हा या सदराचा जुना हट्ट आहे, आणि तो येथे पुन्हा मांडणे भाग आहे, कारण या बाबतीत ख्रिस्ती शाळा आणि गल्लीतील अन्य कोणतीही इंग्रजी शाळा यांत आज फारसा फरक उरलेला नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘स्टँडिंग लाइन’, ‘स्लीपिंग लाइन’ आणि ‘स्लँटिंग लाइन’, म्हणजे उभ्या, आडव्या व तिरक्या रेघा, पानेच्या पाने काढायला लावतात, त्यानंतर चाररेघी वहीत इंग्रजी अक्षरे येतात, आणि दिवसभर कंपनीत काम करून आलेले आईवडील रात्री मुलाचा हात धरून तो गृहपाठ पुरा करतात. मनगटातील आठ लहान हाडांपैकी कित्येक या वयात अजून कूर्चेच्या, म्हणजे मऊ उपास्थीच्या, अवस्थेत असतात, बोटांची पकड स्थिर झालेली नसते, आणि जी भाषा लिहायची ती तोंडात रुळलेली नसते. तरीही वहीचे पान भरले म्हणजे शिक्षण झाले, अशी सर्वांची समजूत आहे. मराठीत अखंड बडबडणारे मूल वर्गात पाणी मागायलाही कचरते, कारण ते कोणत्या शब्दांत मागायचे हे त्याला अजून ठरवता येत नाही. असे मूल सर्वप्रथम गप्प बसायला शिकते, आणि या गप्प बसण्यालाच पुढे शिस्त म्हटले जाते.

ज्याने केजी, म्हणजे किंडरगार्टन, ही शिक्षणपद्धती निर्माण केली त्या फ्रेडरिक फ्रोबेलला हे मान्य झाले नसते. लुथरन पाळकाचा हा मुलगा जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे 1837 मध्ये लहान मुलांसाठी काम करू लागला, आणि 1840 मध्ये त्याने आपल्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिले. तेथे अक्षरे गिरवणे नव्हते. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन व दंडगोल, आठ लहान तुकड्यांत विभागलेला घन अशी क्रमाने दिली जाणारी साधने होती, ज्यांना तो ‘देणग्या’ म्हणत असे, आणि त्यांच्या जोडीला गाणी, बागकाम, कागदाच्या घड्या व मातीकाम होते. मुलाच्या हातातील वस्तूंमधून त्याला सृष्टीची एकता आणि त्या एकतेमागचा ईश्वर जाणवावा, ही त्याची धारणा होती. तरीही 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने नास्तिकता पसरवण्याच्या आरोपावरून किंडरगार्टनवर बंदी घातली, आणि ती 1860 मध्ये, फ्रोबेलच्या मृत्यूनंतर, उठली.

ही पद्धती मराठी मुलुखात आणण्याचा ध्यास पंडिता रमाबाईंनी घेतला होता, आणि ही गोष्ट जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, आणि तेथे त्यांनी किंडरगार्टनच्या शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले. संस्कृतच्या पंडिता म्हणून कोलकात्यात गौरवल्या गेलेल्या या विदुषीने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी चेंडू व ठोकळे हातात घेऊन बालशिक्षण शिकावे, आणि त्या पद्धतीला धरून मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे काम हाती घ्यावे, यातच त्यांची दूरदृष्टी दिसते. विधवा मुलींना स्वतःच्या पायावर उभे करायचे तर त्यांना एक व्यवसाय हवा, आणि लहान मुलांना शिकवणे हा प्रतिष्ठेचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्यांनी ओळखले होते. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत अशा मुलींसाठी त्यांचे शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले, आणि नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही लहान मुलांसाठी किंडरगार्टनचा वर्ग चालला.

मग 1893 चा वाद आला. रमाबाई प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत, यावरून धर्मांतराचा संशय बळावला, समाजसुधारक रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते. परंतु उघड्या दारावरील त्या वादात मुलांना कसे शिकवावे याविषयी रमाबाई जे सांगत होत्या ते मराठी समाजाच्या कानावरच पडले नाही. बालशिक्षणाचा विचार येथे खऱ्या अर्थाने रुजला तो 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या आणि ताराबाई मोडक यांच्या कामातून, म्हणजे मध्ये तीन दशकांहून अधिक काळ निघून गेला.

मराठी ख्रिस्ती परंपरा मुलांशी मराठीतच बोलत आली आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मासिक मुलांसाठी मराठीत निघत असे, आणि फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक त्यात लिहीत. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाची चाल निवडली, आणि रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे सामान्य बाईला समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालवली. संतांची नावे धारण करणाऱ्या शाळांना आपल्या शिशुवर्गात मराठी आणण्यासाठी कोणाकडून उसने काही घ्यावे लागणार नाही. ते त्यांच्याच घरातले धन आहे.

पायाभूत स्तराच्या, म्हणजे तीन ते आठ वर्षे वयोगटाच्या, 2022 मधील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळ, गोष्ट, गाणे आणि घरची भाषा यांवरच भर दिला आहे. म्हणून शाळाचालकांनी सहाव्या वर्षापर्यंत लेखी गृहपाठ बंद करावा आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या मुलाला मोकळेपणाने बोलू द्यावे. पालकांनीही प्रवेश घेण्यापूर्वी वर्गात ठोकळे, माती आणि बाग आहे काय, हे पाहावे. मुलाने शाळेत देवाचे आभार मानले तर त्याचे काही बिघडत नाही. आभार मानण्यासारखे काही त्याला तेथे मिळाले पाहिजे, ही मात्र शाळेची आणि पालकांची सामाईक जबाबदारी आहे.